गावातली पोरं आणि गावातली झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांत तरुणांसोबत झाडांचं काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि स्वतः पोरंपोरी, सगळेच ते विचारतात. बुलढाण्याचं उत्तर गडचिरोलीला चालतंच असं नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

दरवर्षी जुलैत झाडं लागतात, मे महिन्यात एकही दिसत नाही. मग पोरं कशाला येतील?

येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं ठेवली होती. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत किंवा भरतीची तयारी करताहेत. रोप हातात धरून काढलेला फोटो त्यांना आठवतो आणि त्या खड्ड्यात आज काय आहे हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांना पुन्हा बोलवायचं असेल तर कामच वेगळं असलं पाहिजे.

लागवडीचा दिवस हा या कामातला सर्वांत सोपा दिवस. खरं काम पुढचे तीन उन्हाळे काढायचं. म्हणून आकडा उलट्या बाजूने काढा. मे महिन्यात, हातपंपाला तास तास पाणी येत नसताना, एक पोरगा किंवा पोरगी किती रोपांना पाणी घालू शकेल? कुणी पाच म्हणेल, कुणी आठ. तेवढेच खड्डे खोदा. शंभर रोपं लावून मरू देण्यापेक्षा पाचच लावून ती जगवली, तर पोरं दुसऱ्या वर्षी आपणहून येतात, कारण दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

दुसरी गोष्ट निर्णयाची. जागा सरपंचाने ठरवली, रोपं कार्यालयाने पाठवली, खड्डे मजुरांनी खोदले आणि पोरांना फक्त घमेलं धरायला बोलावलं, तर ती एक दिवस येतात आणि जातात. कुठे लावायचं, काय लावायचं, पाण्याची पाळी कशी लावायची, हे त्यांनी ठरवू द्या. त्यांच्याच वहीत प्रत्येक रोपाची जागा आणि राखणाऱ्याचं नाव लिहिलं जाऊ द्या, आणि जिवंत रोपांची यादी १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. १५ ऑगस्टला सगळीच रोपं हिरवी असतात.

नवीन लावण्याआधी काही करण्यासारखं आहे का?

आहे. उभी झाडं मोजा. गावाच्या शिवारातलं पन्नास-साठ वर्षांचं चिंचेचं किंवा मोहाचं झाड आज तुटलं, तर त्याची भरपाई आपल्या हयातीत होत नाही. तरीही गावोगाव रोपांची नोंद असते आणि मोठ्या झाडांची नसते.

पोरांना एक टेप द्या. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, बुंध्याचा घेर मोजायचा. झाडाचं गावातलं नाव, जागा, मालकी, ढोली आहे का, कोणते पक्षी बसतात, एवढं लिहायचं. वडीलधाऱ्यांना विचारलं की झाड कुणी लावलं, त्याखाली काय भरायचं, हेही कळतं. हे काम दिवाळीच्या सुट्टीत चांगलं होतं.

या वहीला कायद्यातही जागा आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ती नोंदवही कपाटात आहे, आणि आत काय लिहिलंय हे गावाला माहीत नाही. ती मागून घ्या, वाचा, आपल्या मोजणीने दुरुस्त करा.

कोणती झाडं लावावी?

शेजारच्या जंगलात, जुन्या पांदणीत, देवाच्या जागेभोवती जे आपसूक उगवतं ते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे मोह, चारोळी, बेहडा, ऐन, जांभूळ. नाल्याकाठी आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आसपास अर्जुन. अमरावती, यवतमाळ, अकोल्याच्या काळ्या जमिनीत कडुनिंब, बाभूळ, चिंच, कवठ, बोर, बेल. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नाजूक मुळांचं झाड दोन्हीत मरतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, निवड आणखी कमी होते. तिथे करंज, कडुनिंब आणि बाभळीवर भर द्या, बाकीचं हौसेपुरतं. वड, पिंपळ, उंबर पाखरांसाठी सगळीकडे हवेत, फक्त विहिरीपासून आणि भिंतींपासून लांब.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेची. ही झाडं पटकन वाढतात, शेळ्या गुलमोहराला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून कार्यक्रमांत तीच येतात. शाळेच्या आवारात एखादा गुलमोहर असला तर असू द्या. गावाच्या सगळ्या मोकळ्या जागा त्याने भरू नका.

रोपं कुठून आणायची?

सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिकांतून मिळतात. पण पोरांनी स्वतः बी गोळा करून रोपवाटिका केली तर कामाचा रंगच बदलतो. जे रोप बियाण्यापासून वाढवलंय, त्याला पाणी घालायला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

झाडागणिक रीत वेगळी. कडुनिंबाची निंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते, तिची उगवणक्षमता दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते, म्हणून गर काढून लगेच पेरायची. मोहाचं आणि जांभळाचंही तसंच, साठवून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर काही उगवत नाही. मोहाचं सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जातं आणि पिशवीत गुंडाळतं. त्यामुळे मोह आणि पळस जागेवरच बी टोचून लावलेले बरे. चिंचोके रात्रभर भिजवावे. आवळ्याची फळं उन्हात वाळवली की आठळी आपोआप तडकते आणि बी मोकळं होतं. सागाच्या बीला आठवडाभर रात्री भिजवणं आणि दिवसा वाळवणं असं आलटून पालटून करावं लागतं, तरी उगवण कमीच.

बाभळीचं बी गोळा करायची सोपी जागा म्हणजे शेळ्यांचा गोठा. शेंगा खाल्ल्यावर शेळीच्या पोटातून आलेलं बी चांगलं उगवतं. हे पोरांना शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यांकडूनच शिकू द्या.

सीडबॉल (बी भरलेले मातीचे गोळे) फेकले तर चालतात का?

मजा येते, उगवण फारच थोडी होते. मुंग्या आणि उंदीर बरंच खातात, उरलेलं ऑक्टोबरच्या उन्हात वाळतं. पहिल्या दमदार पावसानंतर काटेरी झुडपाच्या आडोशाला खुरप्याने बी टोचलं तर त्याच मेहनतीत जास्त झाडं मिळतात, कारण झुडूप त्याला गुरांपासून राखतं.

उन्हाळ्यात पाणी कसं पुरवायचं? चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो.

तयारी आदल्या उन्हाळ्यात सुरू होते. एप्रिल-मे मध्येच दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे खोदून तापू द्यावे, पावसाआधी माती आणि शेणखत भरावं. पहिल्या नाही, दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसानंतर रोप लावावं, पिशवी पूर्ण काढून. रोप निदान कमरेएवढं असेल तर पहिला उन्हाळा सोपा जातो.

दिवाळीनंतर बुडाशी आळं करून त्यावर पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार किंवा पऱ्हाटीचे (कपाशीच्या काड्यांचे) तुकडे वीतभर जाड अंथरा. ओल टिकवण्यात याचा जेवढा उपयोग होतो तेवढा एखाद्या जादा पाण्याच्या फेरीचाही होत नाही. मुळाशेजारी मातीचं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरलं की ते आठवडाभर झिरपत राहतं. वरून झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी संध्याकाळी घालायचं.

शेळ्या आणि रोही (नीलगायी) काहीच राहू देत नाहीत.

बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त आणि चांगलं. दर दोन-तीन महिन्यांनी ते नव्याने घालावं लागतं, हे आधीच धरून चला. लोखंडी जाळ्या चोरीला जातात. शेळ्या राखणाऱ्यांशी भांडू नका. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा आणि चराईसाठी कोणता भाग मोकळा ठेवायचा ते त्यांच्यासोबत ठरवा. गावातला सर्वांत जास्त वेळ रानात घालवणारा माणूस तोच आहे.

वडील म्हणतात, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) झाडाने पीक जातं. त्यांना काय सांगायचं?

ते खोटं बोलत नाहीत. मोठ्या झाडाच्या सावलीत पऱ्हाटी आणि तूर कमी येते, हे कास्तकार डोळ्यांनी पाहतो. त्याला पर्यावरणाचं भाषण दिलं तर तो ऐकून घेतो आणि मार्चमध्ये झाड विकतो.

त्याच्याशी हिशेबाने बोला. चिंच, आंबा, मोह, जांभूळ यांचं वर्षाचं उत्पन्न वहीत मांडा. झाड विकून एकदाच मिळणारी रक्कम शेजारी लिहा. खालच्या फांद्या छाटल्या तर सावली किती कमी होते ते एका झाडावर करून दाखवा. दुपारची भाकर खायला आणि बैल बांधायला शिवारात किती सावल्या उरल्यात, हे मोजायला त्यालाच सांगा. कोवळं पोरगं बापाला शिकवायला गेलं तर बाप चिडतो. तेच पोरगं वही घेऊन विचारायला गेलं तर तो तासभर बोलतो.

स्वतःच्या शेतातलं झाड तोडायला परवानगी लागते?

ठरावीक झाडांना लागते. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, अंजन, खैर, चंदन, तिवस, हळदू, बीजा अशी झाडं आहेत. मालकी खासगी असली तरी ती विनापरवानगी तोडता येत नाहीत. चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसीलमध्ये करावी.

कुणी चोरून झाडं तोडत असेल तर पोरांनी अडवायचं का?

अंगावर जाऊ नका. कुऱ्हाड आणि ट्रॅक्टर घेऊन रात्री येणारी माणसं धोकादायक असतात. वनविभागाचा १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक टोल-फ्री आहे. जागा, वेळ आणि शक्य असेल तर लांबून काढलेला फोटो द्या. नंतर लेखी अर्जाची पोच घ्या. तक्रार एकट्याच्या नावाने न देता समितीच्या किंवा ग्रामसभेच्या नावाने द्यावी, त्याने पोराच्या घरावर दबाव येत नाही.

वणवा कसा थांबवायचा? दरवर्षी डोंगर जळतो.

आमच्या मते पूर्व विदर्भात आणि मेळघाटात तरुणांनी एकच काम हाती घ्यायचं असेल तर ते हे घ्यावं. एका आगीत त्या वर्षीची सगळी लहान रोपं जातात, म्हणजे जंगलाने स्वतः लावलेली, पाणी न घालता आलेली. त्यांची संख्या कुठल्याही लागवडीपेक्षा मोठी असते.

आपल्याकडची बहुतेक आग माणसाने लावलेली असते आणि तिच्यामागे पोटाचं कारण असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. पाचोळ्यातून वेचणं अवघड म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग पुढे सरकते. बिडीच्या पानांच्या तेंदूला नवी, मोठी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. त्यामुळे ‘आग लावू नका’ असा फलक रंगवून उपयोग नाही. मोहाखालचा पाचोळा झाडूने बाजूला करायला पोरांनी आयांना हात द्यावा, जाळी किंवा जुनी लुगडी अंथरावी. त्यावर पडलेली फुलं मातीविना येतात आणि भावही बरा मिळतो. तेंदूची झुडपं आगीऐवजी छाटली तरी नवी पालवी येते.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गावाच्या जंगलाभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाचोळा काढलेला पट्टा, साफ व्हायला हवी. पाळीने टेहळणी ठेवा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहावर आधारित आगीच्या सूचना मोबाइलवर येतात, त्यासाठी नोंदणी करता येते. आग विझवायला मात्र अठरा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. आणि वाघाच्या भागात, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, ताडोब्याच्या आसपास, पहाटे एकट्याने जंगलात शिरू नका. मोह आणि तेंदूच्या हंगामात तिथे माणसं मारली गेली आहेत.

जंगल तर सरकारचं. त्यात आमचं काय?

वनहक्क कायदा २००६ ने ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. अठरा वर्षांची पोरगी त्यात पूर्ण सदस्य आहे, पंचायतीच्या सदस्याइतकीच.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवरचा हक्क गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही गावाच्या हाती आलं. त्यामागे अनेक वर्षांचे अभ्यासगट होते, जिथे माणसं बसून कायदा वाचत आणि सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा करत. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने बांबूतून रोजगार उभा केला, आणि झाडं छाटली जातात, आग लागते म्हणून तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. हातचं उत्पन्न सोडायचा तो निर्णय गावाने स्वतः घेतला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड टेकडी राखली. तिथली सीताफळं आज बाजारात जातात आणि गावाला २०१४ मध्ये जैवविविधता पुरस्कार मिळाला.

तरुणांसाठी यात भरपूर काम आहे: जीपीएसने हद्द चालणं, दावा मराठीत नीट लिहिणं, बांबूचा हिशेब ठेवणं, लिलावाच्या अटी वाचून समजावणं. शिकलेल्या पोरांची गावाला गरज लागते ती इथे, आणि मजुरीही गावातच मिळते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना वेळ कुठे आहे?

पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. ज्या रस्त्याने धावतात त्या रस्त्याकडेची दहा-वीस रोपं त्यांनी घ्यावी. एवढंच मागा. अभ्यासिकेतल्या मुलांकडून आठवड्याला तासभर नोंदवहीचं काम मागा.

मुली बैठकीला येत नाहीत.

बैठक रात्री आठला पारावर असेल तर येणार नाहीतच. वेळ दुपारची ठेवा, शाळेत किंवा अंगणवाडीत. बचत गटातल्या एक-दोघी सोबत असल्या की घरचे पाठवतात. रोपवाटिका बहुतेक ठिकाणी मुली उत्तम चालवतात, पण त्यांना तेवढ्यातच अडकवू नका. मोजणी, जीपीएस, ग्रामसभेत ठराव मांडणं, हेही त्यांच्याकडे द्या.

झाडं लावून हवामान बदल थांबेल का?

नाही. तरुणांना हे सरळ सांगावं, ते आकडे समजू शकतात.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एक टन सुक्या लाकडाचं झाड म्हणजे सुमारे ५०० किलो कार्बन, म्हणजेच हवेतून घेतलेला जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइड. दुसरीकडे, कोळशावर एक युनिट वीज करताना अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने एक तास चाललं तर दीड हजारांहून जास्त अशा झाडांनी आयुष्यभर साठवलेला कार्बन त्या एका तासात हवेत जातो.

म्हणून हवामानाचं काम झाडांपाशी संपत नाही. सौर पंप, शाळेच्या छतावरची सौर वीज, शेणाचा गोबर गॅस, धानाचं तणस आणि पऱ्हाट्या न जाळणं, वीज कुठून येते याबद्दल आमदाराला प्रश्न विचारणं, हे सगळं त्यात येतं. झाडं मात्र इथल्या माणसांना हा ताप सोसण्यासाठी लागतात. उन्हात निंदण करणाऱ्या बाईला दुपारी सावली लागते, विहिरीला मुरलेलं पाणी लागतं, दुष्काळी वर्षात मोहफुलांचे पैसे लागतात. त्यासाठी लावलेलं झाड वाया जात नाही.

मोकळी ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन आहे, सगळीकडे झाडं लावू का?

आधी तिथे काय जगतंय ते बघा. गवताळ रान ही रिकामी जागा नसते. गुरांचा चारा, ससे, लावे, आणि वाशीम-अकोल्याकडे तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी त्याच गवतात राहतो. तिथे फासेपारधी समाजातल्या लोकांनी गवत राखून तो वाचवायचा प्रयत्न केला आहे. अशा ठिकाणी दाट लागवड केली तर नुकसान होतं. पूर्व विदर्भात सरकारी नोंदीत ‘झुडपी जंगल’ असलेल्या जमिनी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वनजमीन ठरवल्या आहेत, तेव्हा तिथे वनविभागाशी बोलल्याशिवाय खड्डेही खोदू नका.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या मोबदल्यात, पैसे मिळतील म्हणून एक जण सह्या घेत फिरतोय. करावी का?

करार मराठीत मिळेपर्यंत नाही. तो किती वर्षांचा आहे, मध्ये झाड तोडलं किंवा जळलं तर काय, मिळणाऱ्या रकमेत शेतकऱ्याचा वाटा किती, सातबाऱ्यावर काही बोजा येतो का, हे लिहून घ्या. सामूहिक जंगल असेल तर एकट्या सरपंचाच्या सहीने चालत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो.

शाळेत काय करता येईल?

एक झाड आणि एक वही. वर्गाने आवारातलं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फूल, फळ यांची नोंद करायची. ‘सीझनवॉच’ या देशभरच्या उपक्रमात अशाच नोंदी पाठवता येतात. तीन-चार वर्षांत पळस कधी फुलला, आंब्याला मोहोर केव्हा आला, याची गावाची स्वतःची माहिती तयार होते. राष्ट्रीय हरित सेनेचा गट असेल तर ही जबाबदारी त्याला द्या. चित्रकला स्पर्धा त्यानंतर घ्या, मुलांकडे काढायला खरं काहीतरी असेल.

शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेलेली पोरं लांबून काय करू शकतात?

पैसे पाठवण्याआधी वेळ द्या. वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे, माहिती अधिकाराचे अर्ज, मोजणीच्या वह्या संगणकावर उतरवणं, बांबू आणि मोहफुलांच्या बाजारभावाची चौकशी, हे सगळं खोलीवर बसून होतं. सगळ्या फाइली एकाच्याच लॅपटॉपवर ठेवू नका. एक छापील प्रत ग्रामसभेच्या कपाटात असावी आणि पासवर्ड गावात राहणाऱ्या निदान दोघांकडे असावा.